तीन इंजिनं, एकच टॉर्क

सेकंड हँड थार घ्यायला निघालेल्या माणसापुढे आधी तीन आकडे येतात: १.५, २.० आणि २.२. ऑक्टोबर २०२० मध्ये महिंद्राची नवी थार बाजारात आली तेव्हा तिच्यात १९९७ सीसीचं टर्बो पेट्रोल आणि २१८४ सीसीचं डिझेल अशी दोन इंजिनं मिळत होती. जानेवारी २०२३ मध्ये १४९७ सीसीचं छोटं डिझेल त्यांच्या जोडीला आलं. घेणारा विचारतो, "यातलं कुठलं घेऊ?" आणि बहुतेकदा त्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, तेव्हा डोंगरात जायचं तर मोठं इंजिन आणि पैसे कमी पडत असतील तर लहान. माझं म्हणणं असं की हा प्रश्न चुकीच्या टोकाला धरला जातो. त्याची खूण कंपनीने स्वतःच छापलेल्या माहितीत आहे. मॅन्युअल गिअरच्या या तिन्ही थारांचा कमाल टॉर्क एकच आहे, ३०० न्यूटन मीटर.

टॉर्क म्हणजे इंजिनाने दिलेला पीळ. दगडावर चाक चढवताना, चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना, शेताच्या बांधावरून पलीकडे उतरताना गाडीला हा पीळ लागतो. अश्वशक्तीचं काम वेगळं. महामार्गावर ट्रकला मागे टाकताना ती उपयोगी पडते. अश्वशक्तीत तिघांमध्ये फरक आहे. पेट्रोलची दीडशे, मोठ्या डिझेलची एकशे तीस, लहान डिझेलची एकशे सतराच्या आसपास. पण ज्या कामासाठी ही गाडी घ्यायची त्या कामाचा आकडा तिघांचा सारखा निघाला. मग २.२ साठी जास्तीचे पैसे मोजणारा नेमकं काय विकत घेतो? याची उत्तरं बरीच आहेत आणि सीसी त्यांतल्या फक्त एकात येतं.

सीसी हेच ताकदीचं माप ही समजूत काही खोटी म्हणून रुजलेली नाही. एके काळी ती खरीच होती. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली ती ९७० सीसीची, साधारण पंचेचाळीस अश्वशक्तीची. १९९६ मध्ये १२९८ सीसीचं इंजिन आलं आणि पुढे त्यावर एमपीएफआय बसल्यावर ते ऐंशी अश्वशक्तीपर्यंत गेलं. जुनी जिप्सी शोधणारा आजही आधी विचारतो की हजार सीसीची आहे की तेराशेची, आणि ते योग्यच आहे. ही इंजिनं आपल्या दमाने श्वास घेतात. सिलिंडरमध्ये जेवढी जागा तेवढी हवा आत येते, हवेच्या हिशेबाने इंधन जळतं आणि इंधनाच्या हिशेबाने पीळ मिळतो. जागा वाढली की पीळ वाढला, इतकं सरळ गणित.

टर्बोने हे गणित मोडलं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. आता दीड लिटरच्या जागेत किती हवा भरायची हे जागेवर ठरत नाही, दाबावर ठरतं. आणि इंधन किती बारीक, किती अचूक क्षणी फवारायचं यावर पुढचं ठरतं. जुन्या थारमध्येच याचा पुरावा आहे. २०१० मध्ये आलेल्या त्या थारला दोन डिझेल इंजिनं होती. डीआय २५२३ सीसीचं, सीआरडीई २४९८ सीसीचं, म्हणजे आकाराने जवळपास जुळी. पण डीआय ६३ अश्वशक्ती देत होतं आणि सीआरडीई १०५. पुण्याच्या फोर्स कंपनीची २०२१ ची गुरखा घ्या. तिचं इंजिन २५९६ सीसीचं, अश्वशक्ती नव्वदच्या आसपास आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर. दीड लिटरच्या थारपेक्षा हे इंजिन हजारावर सीसीने मोठं आणि कागदावर दोन्ही आकड्यांत मागे. तरी पावसात निसरड्या वाटेवर या दोघींतली एक निवडायला सांगितली तर मी क्षणभरही विचार न करता गुरखा निवडेन. का, ते पुढे येईल.

मुळात इंजिनांचे हे आकार डोंगर बघून ठरलेले नसतात, आणि घेणाऱ्याला हे सहसा कोणी सांगत नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी केलं आणि लहान गाडी म्हणजे काय तेही ठरवलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. जीएसटीनेही हीच रेघ पुढे चालवली. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर. त्यात १४९७ सीसीचं डिझेल बसवलं की गाडी सवलतीच्या रकान्यात जाते. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा थारवर एकूण ३१ टक्के कर होता आणि २.२ डिझेलच्या फोर बाय फोरवर ४८ टक्के. त्यानंतर ते अनुक्रमे १८ आणि ४० झाले. दीड लिटरची थार जन्मली ती या रेघेमुळे. दिल्लीत तर याहून ठळक गोष्ट घडली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राजधानी परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा महिंद्राने काही आठवड्यांत स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन आणलं. जपानमध्ये जिम्नी ६६० सीसीची मिळते, कारण तिथल्या छोट्या गाड्यांच्या करसवलतीची हद्द ६६० ला संपते. म्हणून जाहिरातीतला सीसीचा आकडा वाचताना तो तंत्राने ठरवला की करखात्याने, हे आधी मनाशी बघावं.

आता गुरखाकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

इंजिनाचा पीळ थेट चाकाला मिळत नाही. मध्ये गिअर असतात आणि ते पीळ वाढवतात. फोर बाय फोर गाडीत नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. तिच्या छोट्या दांड्याने लो रेंज लावली की पहिल्या गिअरने आधीच वाढवलेला पीळ पुन्हा वाढतो. थारमध्ये ही वाढ अडीच पटींच्या जवळपास आहे. शेतातला धोंडा हाताने हलत नाही आणि तोच माणूस लांब पहार घालून तो उलथवतो. माणसाचा जोर तोच असतो, पहार मात्र लांब झालेली असते. लो रेंज ही ती लांब पहार. ३०० न्यूटन मीटरचं इंजिन लो रेंजमध्ये चाकाशी जे काम करतं ते लो रेंजविना करायचं, तर बाकीचे गिअर सारखे धरून ७५० न्यूटन मीटरचं इंजिन लागेल.

दीड लिटरची थार फक्त मागच्या चाकांवर चालते. तिला फोर बाय फोर नाही आणि लो रेंजही नाही. म्हणजे १.५ आणि २.२ मधला निर्णायक फरक त्या सातशे सीसीचा नव्हेच. फरक आहे तो दुसऱ्या दांड्याचा. घेणारा सीसीची तुलना करत बसतो आणि दांडा आहे की नाही हे बघायचं राहून जातं. पेट्रोलच्या बाबतीत ही चूक आणखी सोपी होते. २०२३ पासून २.० पेट्रोलही ऑटोमॅटिकमध्ये नुसती मागच्या चाकांवर चालणारी विकली गेली आहे. जाहिरातीत २.० दिसतं, दीडशे अश्वशक्ती दिसते, फोटोत गाडी तीच दिसते, आणि आत लो रेंज नसते.

लो रेंजचा दुसरा गुण पिळाइतकाच मोलाचा आहे, तो म्हणजे संथपणा. पीळ अडीच पट झाला की वेग अडीच पटींनी उतरतो. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, गाडी माणूस रमतगमत चालतो तेवढ्या गतीने सरकते. कोकणात जांभ्याच्या दगडांतून चढणारी वाट असो की मराठवाड्यात पावसाने भिजलेल्या काळ्या मातीची पाणंद, तिथे ही गती म्हणजे सुरक्षितता. चाक कुठल्या दगडावर टेकतंय ते दिसतं, टायर धरतोय की घसरतोय ते कळतं, चुकलं तर गाडी थांबवता येते. लो रेंज नसेल तर हाच चढ वेगाने मारावा लागतो. मग चेंबर आपटतो, किंवा अर्ध्यावर दम संपतो आणि चालक हाफ क्लचवर गाडी तोलत राहतो. दोन-चार मिनिटांत जळका वास येतो. तो क्लच प्लेटचा.

उतारावरही तसंच. लो रेंजचा पहिला गिअर गाडीला मागून धरून ठेवतो, ब्रेक लावायची गरज फारशी पडत नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की चाकं अडकतात आणि गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली जाते. गिअरवर सोडली की चाकं फिरत राहतात आणि जमीन धरतात. गुरखाकडे लो रेंज आहे आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉकही आहेत, म्हणजे एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं खेचत राहतं. म्हणून नव्वद अश्वशक्तीतही ती तिथे जाते जिथे एकशे सतरावाली पोचत नाही.

जिप्सी तर याच्याही पलीकडचा दाखला आहे. तेराशे सीसीच्या जिप्सीचा टॉर्क फक्त १०३ न्यूटन मीटर, आणि तोही इंजिन मिनिटाला साडेचार हजार फेरे फिरवल्यावर. थारच्या एक तृतीयांश. तरी आपलं लष्कर ही गाडी वर्षानुवर्षं हिमालयात वापरत आलं. तिचं वजन एका टनाच्या आसपास आणि तिला लो रेंज होती. जितकं वजन ओढायचं तितकाच पीळ लागतो. सीसीबद्दल विचारताना वजनाबद्दलही विचारायला हवं. २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी त्याच वंशाची: १४६२ सीसी, टर्बो नाही, १३४ न्यूटन मीटर, वजन बाराशे किलोच्या आसपास, आणि लो रेंज आहे. थार आणि जिम्नी यांची सीसीवरून तुलना करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणजे इंजिनाच्या आकाराला काही अर्थच नाही, असं नाही. एका जागी तो फार महत्त्वाचा ठरतो आणि ती जागा ओळखून ठेवायला हवी. टर्बोचा पंखा धुरावर फिरतो. इंजिन हळू फिरत असताना धूर कमी, त्यामुळे दाबही कमी. २.२ डिझेलचा पूर्ण टॉर्क मिनिटाला १६०० फेऱ्यांपासून मिळतो, १.५ चा १७५० पासून. त्याच्या खाली, हजार-बाराशे फेऱ्यांवर, टर्बो जेमतेम जागा झालेला असतो आणि इंजिनाला आपल्या दमाने श्वास घ्यावा लागतो. तिथे जुनं गणित पुन्हा लागू होतं: २१८४ सीसीचं इंजिन दर फेऱ्याला १४९७ च्या जवळजवळ दीडपट हवा ओढतं. दगडाला टेकलेलं चाक, गाडी जवळपास थांबलेली, फेरे पडत चाललेले, आणि इंजिन बंद पडणार की तगणार हे ठरवणारा तो एक क्षण. तिथे मोठं इंजिन दम धरतं आणि लहान हिसके खाऊन बंद पडतं. लो रेंज नसलेल्या गाडीत असा क्षण वारंवार येतो. म्हणजे जिला मोठ्या इंजिनाची गरज जास्त, नेमकं तिलाच छोटं इंजिन मिळालं आहे.

पेट्रोलबद्दल आपल्याकडे उगाच गैरसमज आहे. डोंगरात डिझेलच हवं, हे वाक्य जुन्या पेट्रोल इंजिनांच्या काळातलं. थारचं २.० पेट्रोल पूर्ण टॉर्क १२५० फेऱ्यांपासून देतं, म्हणजे तिघांत सगळ्यात आधी. ऑटोमॅटिकमध्ये त्याचा टॉर्क ३२० आहे, शिवाय टॉर्क कन्व्हर्टर गाडी हलण्याच्या क्षणी पीळ दुपटीच्या आसपास नेतो आणि तिथे जळायला क्लच प्लेटच नसते. नवख्या चालकाच्या हाती दगडांची वाट द्यायची असेल तर मी त्याला पेट्रोल ऑटोमॅटिक फोर बाय फोर देईन. तिची किंमत पंपावर मोजावी लागते, हे खरं.

उंचीचा विचार लडाखला जाणाऱ्यानेच करावा. खारदुंग ला ५३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उतरतो आणि टर्बो नसलेलं इंजिन जवळपास निम्म्या ताकदीवर येतं; टर्बो त्यातला बराच तोटा भरून काढतो. सह्याद्रीत महाबळेश्वर चौदाशे मीटरच्या आसपास संपतं, इथे हा मुद्दा फारसा उरत नाही.

टायरबद्दल मात्र इथेच सांगायला हवं, कारण आधीच्या मालकाने मोठे टायर घातलेल्या थार बाजारात भरपूर आहेत आणि त्या रुबाबदार दिसतात म्हणून महाग विकल्या जातात. थारचा मूळ टायर साधारण ३१ इंच उंचीचा. तिथे ३३ इंची बसवला की चाकाच्या टोकाशी मिळणारा जोर सहा टक्क्यांनी घटतो, शिवाय चाकाचं वजन वाढतं. ३०० न्यूटन मीटरमधले अठरा-एकोणीस तिथेच गेले. जमिनीपासूनची उंची वाढते हा फायदा खरा आहे, पण मोठं इंजिन म्हणून दिलेले पैसे टायर खातोय, हे घेताना माहीत असावं.

इथपर्यंतचं सगळं नव्या गाडीलाही लागू आहे. जुनी गाडी घेताना आणखी एक थर चढतो: हे इंजिन आजवर कोणी आणि कुठे वापरलं? बीएस सिक्स डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल फवारून तिला तापवतं आणि काजळी जाळतं. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. कोथरूड ते हिंजवडी अशा गर्दीत रोज थांबत-चालत काढलेल्या डिझेलमध्ये हे जाळणं अर्धवट राहतं, गाळणी तुंबते आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की टर्बोच्या बेअरिंगला मार बसतो. म्हणून कमी चाललेली, शहरातच फिरलेली २.२ डिझेल ही जाहिरातीत सगळ्यात आकर्षक दिसते आणि सगळ्यात आधी संशय घ्यावा अशी असते. नाशिक-धुळे असं लांबचं चाललेली, किलोमीटर जास्त झालेली त्याच इंजिनाची गाडी मला अधिक विश्वासाची वाटते. ऑइलची कांडी काढून बघावी: पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

जुन्या डीआय थारची गोष्ट वेगळी. तिचा डिझेल पंप यांत्रिक, सेन्सर जवळजवळ नाहीत, आणि तालुक्याच्या गावातला कुठलाही डिझेल मेकॅनिक ती खोलू शकतो. ६३ अश्वशक्तीवर घाट चढताना मागे रांग लागते. पण शेतावर, धरणाच्या कडेला, जिथून गॅरेज पन्नास किलोमीटरवर आहे तिथे ती आजही शहाणी निवड आहे, कागदपत्रं आणि नोंदणीची मुदत नीट असेल तर.

मला कोणी विचारलंच, तर महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर चालणाऱ्या आणि पावसाळ्यात आडवाटांना जाणाऱ्या माणसाला मी २.२ फोर बाय फोर सांगतो. शहरात राहून महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्याला पेट्रोल फोर बाय फोर, मग ती शहरात लिटरला आठ-नऊ किलोमीटर का देईना. डीपीएफच्या कटकटीपेक्षा पेट्रोलचं बिल परवडतं. १.५ बद्दल माझं मन स्वच्छ आहे. ती चांगली गाडी आहे, फार्महाऊसच्या मुरमाच्या रस्त्याला पुरते, महामार्गावर छान चालते आणि स्वस्तात मिळते. तिला आडरानातली गाडी समजून मात्र घेऊ नये, आणि नंतर फोर बाय फोर बसवून घेऊ या भरवशावर तर मुळीच नाही. मूळ रचनेत असा बदल आरटीओच्या नियमात बसत नाही आणि खर्च करून तिथे पोचण्यापेक्षा जुनी फोर बाय फोर स्वस्त पडते.

गाडी बघायला सकाळी लवकर जावं, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. थंड इंजिन सुरू करून धूर बघावा, आवाज ऐकावा. एअर फिल्टरची पेटी उघडून आत वाळलेल्या चिखलाची रेघ आहे का ते बघावं; असेल तर इंजिनाने कधी तरी पाणी प्यायलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही म्हणून अशा वेळी कनेक्टिंग रॉड वाकतात. मग गाडी मातीच्या मैदानावर घ्यावी. डांबरावर ही चाचणी करू नये, कारण थारमध्ये फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीला बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मातीत टायर घसरून ते भागवतात, डांबरावर तो ताण गिअरमध्ये साठतो. मातीवर गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून विकणाऱ्यालाच सांगावं की लो लावा. कित्येक गाड्यांत तो दांडा वर्षानुवर्षं कोणी हलवलेला नसतो. तो लागला तर पहिल्या गिअरमध्ये, पाय बाजूला ठेवून, एखादा चढ चढू द्यावा आणि तसाच उतरू द्यावा. खरखर आली, दांडा मागे उडाला किंवा लागलाच नाही, तर ट्रान्सफर केस उघडण्याचा खर्च आपल्या मेकॅनिककडून लिहून घ्यावा आणि २.२ च्या नावाने मागितलेल्या जास्तीच्या रकमेतून तो आधी वजा करावा, कारण ती रक्कम त्या दांड्यासाठीच होती.